माउंटन स्नोमोबाइलवर सामानाची पिशवी आणि जादा इंधनाचा कॅन बसवणे : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, कॅल्गरी

या हंगामासाठी घेतलेली वापरलेली माउंटन स्लेड, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली, डोंगरातील बर्फावर चालणारी स्नोमोबाइल, आज गॅरेजमध्ये आली. इंजिन ८५० सीसीचे टू-स्ट्रोक, पट्टा १६५ इंच लांबीचा, त्यावरील रबरी लग (बर्फात रुतणारे दाते) ३ इंच उंचीचे आणि पेट्रोलची टाकी ३६ लिटरची आहे. यंत्र उत्तम स्थितीत आहे. मात्र सामान ठेवण्यासाठी त्यावर हँडलजवळच्या लहानशा कप्प्याखेरीज काहीही नाही. या जातीच्या यंत्रांचा तो स्वभावच आहे. जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी १९५९ साली क्वेबेकमधील व्हॅलकोर्ट येथे पहिली स्की-डू बाजारात आणली, तेव्हा बर्फाने तुटलेल्या वस्त्यांपर्यंत माणूस आणि सामान पोहोचवणे हा तिचा मुख्य उपयोग होता. डोंगरावर चढणाऱ्या आजच्या स्लेडमधून मात्र निर्मात्यांनी किलो-किलो वजन काढून टाकले आहे, आणि त्यात सामानाची जागा सर्वांत आधी गेली.

जादा इंधनाची गरज मला दोन कारणांनी वाटते. खोल, भुसभुशीत बर्फात इंजिन बराच वेळ जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर चालते, त्यामुळे किलोमीटरवर बांधलेला इंधनाचा कोणताही हिशेब तेथे निरुपयोगी ठरतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोक किंवा गोल्डनसारखे गाव सोडून वर गेल्यावर वाटेत पेट्रोल पंप नसतो, आणि सोबत्याची स्लेड बंद पडून ती ओढत आणावी लागली, तर परतीच्या वाटेचे इंधन अपेक्षेपेक्षा बरेच आधी संपते. म्हणून जादा इंधन हवे, हे ठरलेले आहे. ते किती आणि नेमके कोठे, हे ठरवणे हे या प्रकल्पाचे खरे काम आहे.

१९ ऑक्टोबर

कोणतीही खरेदी करण्याआधी वजन मागे गेल्याने स्कीवरचा भार किती घटतो, हे मोजून पाहिले. दोन्ही स्कींच्या खाली घरगुती वजनकाटे ठेवले, पट्ट्याखाली त्याच उंचीच्या फळ्या दिल्या आणि यंत्र सपाटीत आणले. सस्पेन्शनमधील घर्षणामुळे काटा कोठेही अडकून राहतो. त्यामुळे प्रत्येक वाचनापूर्वी पुढचा आणि मागचा भाग हाताने दाबून सोडला आणि तीन वाचनांची सरासरी घेतली. इंधनाच्या जागी १२ किलोची वाळूची पिशवी वापरली.

पिशवी सीटच्या मागच्या कडेला अगदी खेटून ठेवली, तेव्हा दोन्ही स्कींवरचा एकूण भार दीड ते दोन किलोंनी कमी झाला. तीच पिशवी टनेलच्या शेवटच्या टोकाला ठेवल्यावर तो साधारण साडेपाच किलोंनी घटला. टनेल म्हणजे पट्ट्यावर पालथ्या पन्हळीसारखे असलेले ॲल्युमिनियमचे लांब आच्छादन. सामान बसवण्याची एकमेव जागा तीच. सपाटीवर साडेपाच किलो फारसे वाटत नाहीत, पण चढावर गुरुत्वमध्य आपोआपच मागे सरकतो, स्की उचलल्या जातात आणि पट्टा पुढे जाण्याऐवजी खाली खड्डा खणू लागतो. तिरक्या उतारावरून आडवे जाताना तर मागचे उंच वजन यंत्राला उताराकडे ओढते आणि चालवणाऱ्याला ते सतत अंगाने तोलून धरावे लागते.

बाजारातील बहुतेक छायाचित्रांत कॅन मागच्या टोकाला, पिशवीच्याही मागे दिमाखात उभा असतो. दिसायला ते छान दिसते, परंतु माझ्या मते जड वस्तूसाठी ती सर्वांत वाईट जागा आहे. जड ते पुढे आणि खाली, हलके ते मागे आणि वर, या क्रमानेच सर्व मांडणी करायचे मी आज पक्के केले.

२६ ऑक्टोबर

कॅनची निवड झाली. स्की-डूची लिंक आणि पोलारिसची लॉक अँड राइड या पद्धतींत टनेलवर कायमच्या बैठका बसवतात आणि त्यांत कॅन किंवा पिशवी खिट्टी फिरवून अडकवतात; सामान काही क्षणांत काढता येते, हा त्यांचा मोठा फायदा आहे. तत्त्व मला तेच हवे आहे. माझ्या यंत्रासाठी मिळणाऱ्या तयार बैठकीची छिद्रे मात्र टनेलच्या मागच्या भागात येतात, म्हणून खिट्ट्या तयार घ्यायच्या आणि त्यांच्याखालची पट्टी स्वतः कापून पुढे बसवायची, असे ठरले.

कॅन १५ लिटरचा, जाड पॉलिथिलीनचा आणि रुंद, बसक्या आकाराचा घेतला. पेट्रोलच्या हातकॅनसाठी कॅनडात सीएसए बी३७६ हे मानक आहे आणि त्याची खूण कॅनवर कोरलेली आहे की नाही, हे पाहूनच तो उचलला. पाण्यासाठीच्या स्वस्त कॅनमध्ये पेट्रोल भरून तो दोरीने बांधलेल्या स्लेड मी वाहनतळांवर पाहिल्या आहेत. त्यांच्याजवळ उभे राहण्याचीही माझी इच्छा होत नाही.

कॅन काठोकाठ भरायचा नाही. पेट्रोलचे आकारमान दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भागाने वाढते, त्यामुळे थंडीत भरलेले १४ लिटर पेट्रोल उबदार गॅरेजमध्ये ३० अंशांनी तापले, तर ते सुमारे ०.४ लिटरने फुगते. शिवाय रेव्हलस्टोक समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्याही खाली आहे आणि वरची मोकळी पठारे २,००० मीटरच्या पुढे जातात. तेवढ्या चढाईत बाहेरच्या हवेचा दाब साधारण सहाव्या भागाने कमी होतो, म्हणून गावात घट्ट बंद केलेला कॅन वर पोहोचेपर्यंत पोट काढून बसतो. या दोन्ही कारणांनी भरण्याची मर्यादा १४ लिटर ठरवली. तेवढे पेट्रोल साधारण साडेदहा किलोचे होते, कॅनसह भार १२ किलोंच्या आसपास जातो, आणि वाळूची पिशवी त्याच वजनाची घेतली होती ती म्हणूनच.

त्याच कॅनवर दुसरा कॅन रचण्याची सोय आहे. ती वापरायची नाही.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस फक्त मोजमापात गेला. टनेलच्या पत्र्याखाली कूलर असतो. इंजिनातील गरम कूलंट त्यातून फिरते आणि पट्ट्याने वर उडवलेला बर्फ त्यावर आपटून ते थंड होते. त्या कूलरला ड्रिलचे टोक लागले, तर एका छिद्रापायी हजारो रुपयांचा नव्हे, हजारो डॉलरचा खर्च समोर येतो. म्हणून स्लेडचा मागचा भाग स्टँडवर उचलला, पट्टा सैल केला आणि दिवा व आरसा घेऊन खालून कूलरच्या दोन्ही कडा शोधल्या. त्या कडा वरून दिसत नाहीत. प्रत्येक कडेचे अंतर टनेलच्या बाजूच्या घडीपासून खालून मोजले, तेच अंतर वर मार्करने आखले, आणि त्या रेषेपासून आत २० मिलिमीटरपर्यंतचा पट्टा लाल चिकटपट्टीने झाकून टाकला. लाल भागात छिद्र नाही, एवढाच नियम.

आधीच्या मालकाने पाडलेली दोन छिद्रे मागच्या टोकाला सापडली. त्यांच्या कडांना केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. पातळ पत्रा एकाच बिंदूवर सतत थरथरत राहिला, तर तेथूनच फाटू लागतो. भेगांच्या टोकांना ३ मिलिमीटरची लहान छिद्रे पाडून त्यांची वाढ थांबवली आणि वरून पट्टी ठेवून ती रिव्हेटने बंद केली.

छिद्रांची जागा ठरवण्यासाठी पुठ्ठ्याचा साचा कापला. सीट, कॅन आणि साचा जागेवर ठेवून मी स्लेडवर उभा राहिलो, मागे झुकलो, एक गुडघा सीटवर टेकवून पाहिला. कॅन सीटला पूर्ण चिकटवला, तर चढावर मागे सरकताना तो मांडीला लागतो. म्हणून मध्ये चार बोटे जागा सोडली. स्कीवरच्या भारात त्याने पडणारा फरक काट्यावर जेमतेम दिसला.

१० नोव्हेंबर

एक प्रश्न ड्रिलपूर्वी सुटणे आवश्यक होते. टनेलच्या खाली डोकावणारा बोल्ट फिरत्या पट्ट्याला लागेल काय? यंत्र स्थिर उभे असताना भरपूर अंतर दिसते, पण उडी मारून खाली आदळताना सस्पेन्शन पूर्ण दबते आणि पट्टा वर येतो, आणि खरे अंतर त्या क्षणाचे असते. मागचे शॉक ॲब्सॉर्बर सोडवले, दोन रॅचेट पट्ट्यांनी टनेल आणि पट्ट्याखालचे रूळ एकमेकांकडे खेचून सस्पेन्शन शेवटपर्यंत दाबले. आता मधली जागा मोजायची होती. मुलांची खेळायची माती वाळून दगड झाली होती, म्हणून स्वयंपाकघरातून घट्ट मळलेली कणीक मागून आणली. तेल लावलेले तिचे चार गोळे छिद्रांच्या नियोजित जागी खालून चिकटवले आणि पट्टा हाताने एक पूर्ण फेरा फिरवला. लगांच्या टोकांनी कणकेत स्वच्छ चर पाडले. गोळे सुरीने उभे कापून पाहिले, तेव्हा सर्वांत पातळ जागी जाडी १६ मिलिमीटर भरली.

एम६ बोल्टचे घुमटाकार डोके आणि त्याखालचा रुंद वॉशर मिळून ५ मिलिमीटर होतात. म्हणजे ११ मिलिमीटर मोकळे राहतात. वेगात पट्टा किंचित फुगतो, तरी एवढे अंतर मला पुरेसे वाटते. मात्र यासाठी बोल्टचे डोके खाली आणि नट वर हवा; उलट बसवल्यास बोल्टचे शिल्लक टोक खाली लोंबते आणि पहिल्याच जोरदार आदळण्यात लग चिरले जातात.

त्यानंतर छिद्रे पाडली. पंचने खूण केली, ड्रिलवर थांबकडी बसवून बिट पत्र्याच्या खाली ४ मिलिमीटरहून अधिक जाणार नाही अशी सोय केली, आधी ३ मिलिमीटर आणि मग ६.५ मिलिमीटरचे बिट वापरले. खाली जुने ब्लँकेट अंथरले होते; ॲल्युमिनियमचा कीस पट्ट्याच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये गेला, तर तो वर्षभर छळतो. कडा बारीक कानशीने साफ केल्या.

२३ नोव्हेंबर

बैठक बसली. ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी टनेलच्या रुंदीएवढी कापली आहे, जेणेकरून कॅनचा धक्का चार छिद्रांवर न येता बाजूच्या घड्यांपर्यंत पसरावा. टनेलचा मधला पत्रा पातळ आणि लवचीक असतो, खरी ताकद त्या घड्यांतच असते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत. हिवाळ्यात ट्रान्स-कॅनडा महामार्गावर मीठ टाकतात, ट्रेलरवरील यंत्रावर त्याचे पाणी उडते, आणि मिठाच्या ओलाव्यात स्टेनलेस व ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजते. त्यामुळे वॉशर आणि पत्रा यांच्यामध्ये पॉलियुरेथेन सीलंटचा पातळ थर दिला. त्याने छिद्रातून पाणी झिरपणेही थांबते. नट नायलॉन कडीचे वापरले आणि टॉर्क रेंचने ८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळले. पत्रा पातळ असल्याने याहून अधिक आवळण्यात शहाणपण नाही.

कॅन थेट टनेलवर टेकवलेला नाही. खाली कूलर असल्यामुळे पत्रा कोमट राहतो आणि पेट्रोलचा कॅन तासन्‌तास कोमट पत्र्यावर ठेवणे मला पटत नाही. रबराच्या चार ठोकळ्यांनी तो १२ मिलिमीटर उचलला आहे. एवढ्याच उंचीने गुरुत्वमध्य वर जातो, ही त्याची किंमत. ती मी मान्य केली.

७ डिसेंबर

पिशवी आली. कॅनच्या मागे, टनेलच्या उरलेल्या भागावर ती बसते. झिप असलेली पिशवी जाणीवपूर्वक टाळली, कारण उडालेला बर्फ झिपच्या दातांत वितळून पुन्हा गोठला की ती उघडण्यासाठी हातमोजे काढावे लागतात. तोंड गुंडाळून बकलने बंद होणारी साधी जलरोधक पिशवी घेतली.

पिशवीत फक्त हलक्या वस्तू असतील : जादा हातमोजे, गॉगल, थर्मलचा एक जोड, पेटवणी, पातळ ताडपत्री. ओढण्याचा दोर आणि घडीची करवतही तेथेच. जादा ड्राइव्ह बेल्ट, स्पार्क प्लग आणि हत्यारे इंजिनाजवळच्या बाजूच्या आवरणात गेली. ती जड असून पुढे आहेत. टू-स्ट्रोक तेलाची अर्ध्या लिटरची बाटली पिशवीच्या तळाशी उभी बांधली आहे, कारण जादा पेट्रोल जाळायचे, तर त्याबरोबर जादा तेलही खर्च होणार. हा हिशेब अनेकजण विसरतात आणि कॅन भरलेला असूनही तेलाचा दिवा पाहत परततात.

फावडे आणि प्रोब (बर्फाखाली गाडलेल्याला टोचून शोधण्याची लांब काठी) यांसाठीही स्लेडवर अडकवण्याचे स्टँड मिळतात, आणि ते मी घेतले नाहीत. हिमस्खलनात माणूस आणि यंत्र वेगळे होणे हे नेहमीचे आहे. सोबती गाडला गेला असताना माझे फावडे माझ्या गाडल्या गेलेल्या स्लेडवर असून काय उपयोग? ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारे रेडिओ उपकरण) छातीवर, फावडे व प्रोब पाठीवरच्या पिशवीत, हे हिमस्खलन सुरक्षेसाठी काम करणाऱ्या अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेच्या शिकवणीतलेही मूळ सूत्र आहे. रेव्हलस्टोकजवळच्या ज्या बोल्डर माउंटनवर मी चाचणी घेणार आहे, तेथेच १३ मार्च २०१० रोजी झालेल्या हिमस्खलनात दोघांचा मृत्यू झाला होता. सामान ठेवायला नवी जागा मिळाली की सर्व काही तेथे कोंबण्याचा मोह होतो, म्हणून या गोष्टी मी मुद्दाम प्रकल्पाच्या बाहेर ठेवल्या.

२१ डिसेंबर

सामान बांधण्याच्या पट्ट्यांची चाचणी घेतली. रबराचा हुकवाला दोर, नायलॉनची पट्टी, पॉलिएस्टरची पट्टी आणि पॉलियुरेथेनचा ताणपट्टा, या चौघांना पाण्यात भिजवून रात्रभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवले. सकाळी रबराचा दोर काठीसारखा ताठ झाला होता आणि त्याचा ताण जवळपास नाहीसा झाला होता. नायलॉनने पाणी बरेच प्यायले होते. ती बर्फाच्या कांबीसारखी कडक बाहेर आली आणि बकलमधून सरकेना. पॉलिएस्टरवरचा बर्फ दोनदा आपटताच झडला. पॉलियुरेथेनचा पट्टा ताठ झाला खरा, पण हातमोज्यांसह ताणून हुकात घालता आला. निकाल असा की कॅनवरून जाणारी सुरक्षापट्टी पॉलिएस्टरची आणि पिशवीवरचे पट्टे पॉलियुरेथेनचे. खिट्ट्या असल्या तरी कॅनवर एक स्वतंत्र पट्टी हवीच, कारण खिट्टी तुटली, तर मागून येणाऱ्याच्या वाटेत १२ किलोंचा पेट्रोलचा कॅन पडेल.

११ जानेवारी २०२५, रेव्हलस्टोक

बोल्डर माउंटनवर पहिली चाचणी झाली. खालच्या तयार वाटेवर, जेथे ग्रूमरच्या (वाटेवरचा बर्फ दाबून सपाट करणाऱ्या यंत्राच्या) मागे लहान-मोठे उंचवटे तयार झाले होते, तेथे कॅन हलला नाही आणि आवाजही आला नाही. वर मोकळ्या भागात भरलेल्या कॅनसह चढताना स्की किंचित हलक्या वाटल्या. तीव्र चढावर मला नेहमीपेक्षा सुमारे एक वीत पुढे झुकावे लागले. यापलीकडे यंत्राच्या वागण्यात फरक जाणवला नाही.

दोन गोष्टी लक्षात आल्या. कॅनखालच्या १२ मिलिमीटरच्या फटीत बर्फ शिरला, कोमट पत्र्यावर वितळला आणि थांबल्यावर गोठून कॅनला टनेलशी जोडून बसला. खिट्टी उघडली, पण कॅन निघेना. हाताच्या तळव्याने बाजूने ठोकावे लागले. दुसरे असे की वर पोहोचल्यावर कॅनच्या झाकणाच्या कडेला पेट्रोलचा ओलावा दिसला आणि पिशवीला त्याचा वास लागला होता. कॅन अपेक्षेप्रमाणे फुगला होता आणि झाकणातील रबरी कडी थंडीत कडक पडली होती.

१८ जानेवारी

झाकणाची मूळ कडी बदलून थंडीत मऊ राहणारी, पेट्रोलरोधक फ्लुओरोसिलिकोनची कडी बसवली. पाणी भरलेला कॅन उलटा करून रात्रभर बाहेर ठेवण्याची सोपी चाचणी येथे चालत नाही, कारण पाणी गोठते. म्हणून काच धुण्याचा उणे ४० अंशांचा द्रव भरून ती घेतली. सकाळी खालचा कागद कोरडा होता.

फटीसाठी कॅनच्या बुडाशी बंद पेशींच्या फोमचा तुकडा कापून बसवला. आता बर्फ आत शिरायला जागाच नाही, आणि फोम उष्णताही अडवतो. रबरी ठोकळे तसेच ठेवले आहेत, कारण भार त्यांनीच पेलायचा आहे. फोमने फक्त पोकळी भरायची आहे.

८ फेब्रुवारी, रेव्हलस्टोक

आज कॅनमधील पेट्रोल प्रत्यक्ष वापरले. दुपारी टाकी पावच्या खाली आली, तेव्हा सपाट जागी, वरच्या उतारांपासून दूर थांबलो. इंजिन बंद करून ते थोडे निवू दिले. कॅन स्लेडवरून उतरवून बर्फावर ठेवला आणि काही क्षण तसाच राहू दिला, नंतर झाकण अगदी सावकाश फिरवले. आतला दाब सुस्कारा टाकत बाहेर पडला. घाईने झाकण काढले असते, तर पेट्रोल हातमोज्यांवर उडाले असते, आणि उणे १५ अंशांत पेट्रोलने भिजलेला हातमोजा म्हणजे हिमदंशाला आमंत्रण. टाकीच्या झाकणाभोवतीचा बर्फ ब्रशने झाडल्याखेरीज ते उघडले नाही. टाकीत पडलेला बर्फ पाणी होऊन इंधनाच्या नळीत गोठतो, आणि त्याचा त्रास नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी होतो.

नळीचे तोंड टाकीच्या कडेला टेकवून ठेवत ओतले. कॅन रिकामा झाल्यावर परत जागेवर बसवताना खिट्ट्या हातमोज्यांसहित फिरल्या. फटीत बर्फ नव्हता, झाकण कोरडे होते.

रिकाम्या कॅनसह उरलेला दिवस चालवताना एक गोष्ट ध्यानात आली. वाटेच्या सुरुवातीलाच टाकीतले थोडे पेट्रोल जळल्यावर, पहिल्या विश्रांतीत कॅन टाकीत ओतून टाकला, तर खरे खेळायचे चढ सुरू होण्याआधी मागचे वजन संपते. मुख्य टाकी सीटच्या पुढे आहे. तेच १४ लिटर तेथे स्कीवर भार देतात. यापुढे कॅन राखीव म्हणून शेवटपर्यंत न बाळगता असाच वापरायचा, आणि राखीव इंधनाचा हिशेब टाकीच्या काट्यावर करायचा.

२२ मार्च

हंगामातील शेवटची तपासणी केली. चारही बोल्टवर टॉर्क रेंच लावला. मागच्या डाव्या बोल्टला थोडा फेर मिळाला, बाकीचे जागचे हलले नाहीत. खालून दिव्याने पाहिले असता बोल्टच्या डोक्यांवर लग घासल्याची खूण नाही आणि छिद्रांच्या कडांना भेग नाही. जुन्या छिद्रांवरच्या पट्टीचा एक रिव्हेट सैल आहे. तो बदलून तेथे एका आकाराने मोठा बसवेन. पॉलियुरेथेनचा एक पट्टा बकलजवळ पांढरा पडून चिरत आला आहे, म्हणून नवा मागवला. कॅनमधील उरलेले पेट्रोल मोटारीच्या टाकीत ओतले, झाकण उघडे ठेवून तो बाहेर वाळवला आणि बैठकीपासून वेगळा करून सावलीत ठेवला, कारण पॉलिथिलीनला उन्हाचा मारा थंडीहून अधिक बाधतो.